तळ्याकाठीं चार दिवस

सुट्टी लागली कीं कोठें तरी जावें असें प्रत्येकास वाटतें. परंतु आजी, तीन काका, दोन आत्या, सुना, जांवई आणि कडेवरचीं नातवंडें अशीं पंचवीस-तीस माणसें एकत्र निघावयाचीं म्हटलें म्हणजे बहुतेक घरांत तो बेत बोलण्यांतच विरून जातो. किल्ला चढण्यास आजीचे गुडघे तयार नसतात, नुसतीं देवळें पाहण्यांत मुलांचें मन रमत नाहीं, आणि मोठ्या शहरीं गेलें तर खिसा दुसऱ्याच दिवशीं रिकामा होतो. तळ्याकाठीं गळ टाकून बसणें हा उद्योग मात्र असा आहे कीं, त्यांत सात वर्षांचा नातू आणि सत्तर वर्षांचे आजोबा एकाच दगडावर, एकाच आशेनें, एकमेकांशीं न भांडतां दोन तास बसूं शकतात. नोकरीधंद्यामुळें चार गांवीं पांगलेल्या घरांतील मुलें आपल्या चुलत भावंडांना हल्लीं केवळ लग्नाच्या मांडवांत पाहतात, आणि तेथें कोणाचें कोणाशीं धड बोलणें होत नाहीं. तें बोलणें व्हावें अशी ज्यांना इच्छा असेल त्यांच्याकरितां या सहलीचा आराखडा येथें दिला आहे.

गळ टाकण्याचा छंद साहेब लोकांनीं या देशांत आणिला असा पुष्कळांचा समज आहे. हेन्री सलिव्हन टॉमस या मद्रास इलाख्यांतील अधिकाऱ्याचा या विषयावरील इंग्रजी ग्रंथ १८७३ सालीं प्रसिद्ध झाला व त्यानें हा समज अधिक दृढ केला, हें खरें. परंतु त्यापूर्वीं साडेसातशें वर्षें, कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर यानें 'मानसोल्लास' नामक संस्कृत ग्रंथांत राजाच्या करमणुकींमध्यें 'मत्स्यविनोद' या नांवाचें एक स्वतंत्र प्रकरण घातलें आहे. माशांच्या जाती, काठी, दोरा, गळ आणि आमिष यांचा विचार त्यांत आहे. तेव्हां आपण परक्याची नक्कल करीत आहों असें मनांत आणण्याचें कारण नाहीं.

उदाहरणार्थ असें धरूं कीं, कुटुंब सत्तावीस माणसांचें आहे : अठरा मोठीं, सहा मुलें व तीन अगदीं लहान. स्थळ अकोले तालुक्यांतील भंडारदरा. प्रवरा नदीवर येथें बांधलेलें धरण १९२६ सालीं पुरें झालें व त्या वेळचे मुंबईचे गव्हर्नर सर लेस्ली विल्सन यांचें नांव त्यास देण्यांत आलें. सह्याद्रीच्या ऐन माथ्यापाशीं असल्यामुळें येथें पाऊस अतिशय पडतो, आणि त्या पाण्यावर खालच्या कोरड्या मुलखांतील ऊस पिकतो. इगतपुरी किंवा घोटी या स्टेशनांवरून मोटारीनें शेंडी या गांवीं जातां येतें. जवळच महाराष्ट्रांतील सर्वांत उंच शिखर कळसूबाई (१६४६ मीटर), रतनवाडीचें प्राचीन अमृतेश्वराचें देऊळ व रंधा धबधबा हीं आहेत. म्हणजे ज्यांना गळाचा कंटाळा येईल त्यांचीही सोय आहे. अशी सोय अवश्य पाहावी. सत्तावीस माणसांत मासे धरण्याची हौस दहा-बारांनाच असणार. उरलेल्यांना काठावर बसवून ठेवल्यास तिसऱ्या दिवशीं कुरबूर सुरू होते.

मोसम कोणता निवडावा? शाळांना सुट्टी दिवाळींत आणि मे महिन्यांत असते. मे महिन्यांत कालव्यांना पाणी सोडल्यामुळें तळें खालीं गेलेलें असतें व काठावर चिखलाचा रुंद पट्टा उघडा पडतो. त्यांत मुलाचा पाय गुडघ्यापर्यंत रुततो. ऊनही कडक असतें. मेच्या अखेरीस झाडांवर काजवे चमकूं लागतात हें त्या दिवसांचें एक मोठें सुख. पण तें मासे धरणाराच्या उपयोगाचें नव्हे. दिवाळीनंतर तळें भरलेलें असतें, गढूळपणा खालीं बसलेला असतो, डोंगर अजून हिरवे असतात. रात्रीं थंडी पडते, म्हणून पांघरुणें मात्र पुरेशीं न्यावींत. पावसाळ्यांत हा बेत मुळींच करूं नये. रोहू, कटला, मृगळ हे मासे वाहत्या नव्या पाण्यांत अंडीं घालतात, ती वेळ तीच. शिवाय त्या दिवसांत घाटमाथ्यावर धुकें इतकें दाटतें कीं काठ कोठें संपला हें कळत नाहीं.

आतां परवानगीविषयीं. धरणाचें पाणी सरकारचें असतें, आणि त्यांतील मासे धरण्याचा हक्क बहुधा एखाद्या मच्छीमार सहकारी संस्थेस ठेक्यानें दिलेला असतो. तेथील मच्छीमारांनीं पदरचे पैसे घालून पिलें आणून सोडलेलीं असतात. आपण शहरांतून येऊन 'तळें कोणाच्या बापाचें?' असें म्हणणें शोभत नाहीं. महिनाभर आधीं धरणाच्या कचेरीत व संस्थेकडे विचारावें, जें शुल्क असेल तें भरून पावती घ्यावी, आणि काठाचा कोणता भाग मोकळा आहे तो समजून घ्यावा. परवानगी नाहीं असें उत्तर आल्यास दुसरें तळें पाहावें. 'बघून घेऊं' म्हणून निघूं नये. गांवांतील एखादा जाणता मच्छीमार चार दिवसांच्या रोजावर बरोबर घेतला तर फार उत्तम. पाणी कोठें खोल, कोठें जुनीं झाडें बुडालेलीं, हें त्याच्याइतकें कोणास ठाऊक नसतें. आणि मुलांना हेंही सांगावें कीं, धरणाच्या तळ्याखालीं कोणाचें तरी शेत व घर गेलेलें असतें. १९२१ सालीं मुळशीच्या शेतकऱ्यांनीं सेनापति बापट यांच्यासह सत्याग्रह केला तो याचसाठीं.

अशा तळ्यांत कोणते मासे मिळतात तें सांगतों. सोडलेल्यांपैकीं रोहू, कटला आणि मृगळ. यांपैकीं कटला वरच्या थरांत, रोहू मधल्या आणि मृगळ तळाशीं चरतो. त्यामुळें गळ किती खोल सोडावा हें आपण कोणाची वाट पाहत आहों यावर ठरतें. मूळच्या रहिवाशांत मरळ, वाम, शिंगाळा हे प्रमुख. १९५२ सालीं बाहेरून या देशांत आणिलेला तिलापिया आतां बहुतेक पाण्यांत पसरला आहे. तो लहान असला तरी गळास लवकर लागतो, म्हणून मुलांचा मासा तोच समजावा. सह्याद्रीचा खरा राजा महशीर. कर्नल साइक्स यानें १८३९ सालीं दख्खनच्या माशांचें वर्णन करितांना पुण्याच्या मुळा-मुठेच्या पाण्यांतील महशीरास 'खुद्री' हें नांव दिलें, व तेंच शास्त्रांत आजही चालतें. पुढें हा मासा फार कमी झाला. लोणावळ्यास वळवणच्या तळ्यापाशीं टाटांच्या वीजकंपनीनें १९७० नंतरच्या दशकापासून त्याचीं पिलें वाढवून अनेक ठिकाणीं सोडिलीं. असा मासा गळास लागल्यास तो परत पाण्यांत सोडावा, असें माझें स्पष्ट मत आहे. मरळीसंबंधानेंही एक गोष्ट ध्यानांत असावी. काठाशीं पाण्यावर तांबूस-नारिंगी रंगाच्या बारीक पिलांचा पुंजका तरंगतांना दिसला, तर खालीं त्यांचे आईबाप राखण करीत आहेत असें जाणावें. अशा वेळीं तेथें गळ टाकणें म्हणजे पिलें उघडीं पाडणें होय.

मासा केव्हां खातो? याचें उत्तर शाळेंतल्या रसायनांत आहे. पाणी जितकें ऊन तितका त्यांत विरघळलेला प्राणवायु कमी. वीस अंशांवर एका लिटरांत सुमारें नऊ मिलिग्रॅम प्राणवायु राहूं शकतो, तीस अंशांवर सुमारें साडेसात. म्हणून उन्हाच्या वेळीं मासे काठाचें उथळ पाणी सोडून खोल सांवलींत जातात आणि पहांटे व सूर्य कलल्यावर चरावयास परत येतात. यावरून आपलें वेळापत्रक आपोआप ठरतें : उजाडल्यापासून नऊपर्यंत गळ, मग न्याहरी, आंघोळ, जेवण, वामकुक्षी, आणि साडेचारापासून दिवे लागण्याच्या आधींपर्यंत पुन्हां गळ. मधल्या वेळांत रतनवाडी, रंधा, पत्त्यांचा डाव, आजीच्या गोष्टी. काका लोकांपैकीं कोणी तरी भर बाराला 'मला एक तास द्या' म्हणून काठी घेऊन जाणारच. जाऊं द्यावें, रिकाम्या हातानें परत येतील.

आवाजाविषयींही एक गैरसमज दूर करावयाचा आहे. काठावर बोलूं नये असें मुलांना दटावतात. पण हवेंतला आवाज पाण्याच्या पृष्ठभागावरून बहुतांशीं परत फिरतो, आंत फारच थोडा जातो. माशास खरी बातमी मिळते ती पावलांच्या धमकीनें. जमिनीचा हादरा पाण्यांत उतरतो, आणि माशाच्या दोन्ही कुशींवरून जाणाऱ्या बारीक रेषेंतील इंद्रियांनीं तो त्यास जाणवतो. तेव्हां गप्पा खुशाल माराव्या, पण धांवूं नये, दगड लोटूं नयेत. दुसरें, बसावें. वाटींतलें नाणें पाणी ओततांच वर आल्यासारखें दिसतें तो प्रयोग वर्गांत पाहिलेला असेल. किरण वांकल्यामुळें पाण्याखालून पाहणारास बाहेरचें सारें जग डोक्यावरच्या एका गोल खिडकींत दाटलेलें दिसतें. उभा माणूस त्या खिडकींत ठळक येतो. काठापासून मागें सरून खालीं बसलेला तिच्या कडेला चेपला जाऊन जवळजवळ नाहींसा होतो.

सामानाचा थाट नको. सहा-सात फुटांचा, शेंड्याकडे निमुळता होणारा लवचिक बांबू, तितक्याच लांबीचा तंगुसाचा दोरा, एक लहान गळ, त्याच्या वर शिशाचा गोळा आणि पिसाचें किंवा बुचाचें तरंड. दहा वर्षांखालील मुलांना चाकाची काठी देऊं नये. ती फेकतांना गळ मागच्या भावाच्या कानांत जातो. सत्तावीस माणसांत एका वेळीं सहा काठ्या पुरेत, आणि दोन काठ्यांत निदान दहा पावलांचें अंतर. गळाचा उलटा कांटा पकडीनें दाबून सपाट करावा. त्यामुळें एखादा मासा निसटेल, परंतु बोटांत रुतलेला गळ सहज निघेल आणि सोडावयाचा मासाही जखमेशिवाय सुटेल. उलट्या कांट्याचा गळ रुतलाच तर घरगुती ओढाताण न करतां दवाखान्यांत जावें. आमिषाला गांडूळ व कणकेचा गोळा हे दोन पदार्थ बस्स. कणकेंत थोडी शेंगदाण्याची पेंड मळल्यास रोहू-मृगळ लवकर येतात. आदल्या संध्याकाळीं त्याच जागीं मूठभर चारा टाकून ठेवावा. सुरुंगानें किंवा विषानें मासे मारण्यास १८९७ च्या कायद्यापासूनच बंदी आहे. कोणी हौशी पाहुणा तशी गोष्ट काढील तर त्यास वडील माणसानें तेथेंच गप्प करावें.

ठेवावयाचा मासा डोक्यावर एका टोल्यानें लगेच मारावा. बादलींत तडफडत ठेवणें क्रूर तर आहेच, शिवाय मांसही मऊ पडतें. सोडावयाचा मासा ओल्या हातानें धरावा, कारण कोरड्या हातास त्याच्या अंगावरचा बुळबुळीत थर निघून येतो व तेथें रोग लागतो. शिंगाळा मात्र मुलांच्या हातीं देऊं नये. त्याच्या परांतील कांटे करवतीसारखे असतात.

आतां पाण्याच्या धोक्याचें. माझ्या मतें सबंध बेतांत हाच भाग असा आहे कीं ज्यांत कोणाचीही भीड धरूं नये. धरणाच्या तळ्यांत पोहूं नये, ज्यास उत्तम पोहतां येतें त्यानेंही नाहीं. गांवच्या विहिरीप्रमाणें त्याचा तळ ठाऊक नसतो. दोन पावलें गुडघाभर पाणी आणि तिसरें पाऊल पुरुषभर, असा उतार असतो. खालीं चिखल, बुंधे, जुन्या बांधांचे दगड. दर तीन मुलांमागें एक मोठें माणूस नेमावें, आणि त्याच्या हातांत त्या वेळीं काठीही नसावी व मोबाइलही नसावा. 'सगळेच पाहत आहेत' म्हणजे कोणीच पाहत नाहीं. मुलांच्या जोड्या लावाव्या, प्रत्येकानें आपल्या जोडीदाराचा पत्ता सांगितला पाहिजे. दर तासाला शिट्टी होऊन शिरगणती व्हावी. पाण्यालगत असतांना मुलांच्या अंगावर तरंगतें जाकीट असावें, नावेंत तर लहानथोर सर्वांच्या. पांच लिटरचा, झांकण घट्ट लावलेला रिकामा डबा वीस हात दोराला बांधून काठावर तयार ठेवावा. कोणी पडलेंच तर हा डबा फेकावा, काठी पुढें करावी, हांक मारावी. उडी मारूं नये. बुडणारा माणूस वाचविणारास मिठी घालतो, आणि एकाच्या जागीं दोन जातात. ही गोष्ट पहिल्या दिवशीं सामान उतरविण्यापूर्वीं सर्वांस उभें करून सांगावी, आणि डबा फेकण्याचा सराव मुलांकडून करवून घ्यावा. त्यांना तो खेळच वाटतो.

राहावयास एकाच आवारांतील चार-पांच खोल्या पाहाव्या. आजीची खोली तळमजल्यावर व शौचकूपाजवळ असावी. याहून त्याविषयीं अधिक लिहिण्याजोगें नाहीं. स्वयंपाकाविषयीं मात्र आहे.

आमच्याकडील सहलींचा अनुभव असा कीं, पुरुष व मुलें काठावर बसतात आणि सुना चुलीपुढें. घरीं दहा माणसांचें करीत होत्या, येथें सत्तावीसांचें करितात, एवढाच फरक. त्या परत येतात तेव्हां अधिक थकलेल्या असतात, आणि पुढच्या वर्षीं 'बेत करूं या' म्हटल्यावर त्या कां गप्प बसतात हें कोणास उमगत नाहीं. यावर तोड अशी. चार दिवसांच्या चार टोळ्या कराव्या. प्रत्येक टोळींत निदान दोन पुरुष, दोन स्त्रिया व एक मोठें मूल असावें. ज्या दिवशीं जिची पाळी त्या दिवशीं तिनें रांधावें, वाढावें व भांडीं घासावींत. दुपारच्या भाकऱ्या गांवांतील एखाद्या घरीं मोल देऊन भाजून घ्याव्या. भंडारदऱ्याच्या बाजूस तांदळाची व नाचणीची भाकरी मिळते, ती आपल्या घरच्यापेक्षां खात्रीनें चांगली असते. आणि पहांटेची एक काठी रोज एखाद्या काकूसाठीं किंवा आत्यासाठीं राखून ठेवावी. 'मला काय येतंय त्यांतलं' असें त्या म्हणतील, तरी ठेवावी.

मासा मिळेलच या भरंवशावर पातेलें चढवूं नये. एका वेळच्या कालवणास सत्तावीस माणसांकरितां सहा किलो सबंध मासा लागतो, कारण साफ करण्यांत त्याचा बराच भाग जातो. तितका तो सहा काठ्यांना एका सकाळीं लाभेल असें कोणीही सांगूं शकत नाहीं. दोन दिवसांचा मासा तेथील मच्छीमारांकडून विकत घेण्याचें आधींच ठरवावें. आपला लागला तर तो तव्यावर मुलांना तळून द्यावा, म्हणजे प्रत्येकाच्या वांट्यास नखाएवढा आला तरी भांडण होत नाहीं. प्रत्येक मोठ्या कुटुंबांत मासे न खाणारीं चार माणसें असतातच. त्यांची चूल, तवा व उलथणें निराळें असावें आणि त्यांना आधीं वाढावें. पिठलें, वांग्याचें भरीत, आमटी हे पदार्थ त्यांच्यासाठीं 'शेवटीं उरलेलें' म्हणून नव्हे, तर मुख्य जेवण म्हणून व्हावेत.

शेवटचा विषय पैशाचा. बेत मोडतात ते येथेंच. समजा, प्रवास, खोल्या, शिधा व परवानगी मिळून त्रेसष्ट हजार रुपये होतात. मोठ्या माणसाचा एक वांटा, मुलाचा अर्धा, तान्ह्यांचा कांहीं नाहीं, असें धरिल्यास अठरा व तीन मिळून एकवीस वांटे झाले, व वांट्यास तीन हजार आले. नवराबायको व दोन मुलें यांस नऊ हजार. हा हिशेब सरळ दिसतो. पण चारी भावांची कमाई सारखी नसते. ज्या भावाची नोकरी कच्ची आहे तो 'आम्हांस रजा नाहीं' असें कळवितो, आणि सारे त्यावर विश्वास ठेवतात. म्हणून हिशेब घरांत मोठ्यानें वाचण्यापूर्वीं थोरल्यानें आपल्या ऐपतीप्रमाणें मोटारीचें भाडें किंवा शिधा परस्पर आपल्या अंगावर घ्यावा व उरलेलाच खर्च वांटणीस ठेवावा. कोणी किती दिलें हें वहींत असावें, पण ती वही एकाच्याच हातीं असावी. बहुतेक घरांत हें काम आत्या सर्वांत चांगलें करितात, कारण त्या कोणत्याही भावास भीत नाहींत.

निघावयाच्या सकाळीं गळ टाकूं नये. ती वेळ आवरण्याची. तुटलेला तंगूस मुलांकडून काठावरून वेंचून घ्यावा. तो कुजत नाहीं, आणि पाणपक्ष्यांच्या पायांस गुंडाळला जाऊन त्यांस जखडून टाकतो. गळ मोजून डबींत भरावेत, पंचवीस नेले असल्यास किती परतले व किती पाण्यांत तुटले याचा मेळ घालावा, म्हणजे एखादा गवतांत पडून कोणा गुराख्याच्या पायांत जाणार नाहीं. काठ्या सांवलींत वाळवाव्या. मच्छीमाराचा रोज, भाकरीवालीचे पैसे व खोल्यांचें देणें चुकवून मग आत्यांनीं वही मिटावी. कांहीं उरलें तर तें आजीच्या हातीं द्यावें, आणि त्याचें काय करावयाचें हें तिला विचारूं नये.